हॅव, हॅज, हॅड : अर्थ आणि वापर सोप्या भाषेत



आज आपण 'हॅव' हे क्रियापद शिकणार आहोत. शब्दकोशात याचा अर्थ 'जवळ असणे' असा मिळतो. पण 'मला दोन भाऊ आहेत' हे इंग्रजीत लिहायला सांगितलं, की बरीच मुलं 'माय टू ब्रदर्स आर' असं लिहितात. असं का होतं? कारण मराठीत 'हॅव'साठी वेगळं क्रियापदच नाही, आपण 'आहे'वर काम भागवतो. आपल्या सोलापुरात अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात. तिथेही तीच गत! तेलुगूत 'नाकु', कन्नडमध्ये 'ननगे' म्हणजे आपलं 'मला', आणि पुढे 'आहे'. इंग्रजीत मात्र ज्याच्याकडे आहे तोच कर्ता होतो. म्हणून आधी 'मला'चा 'आय' करा. निम्मं काम तिथेच झालं.

आता एकच 'हॅव' किती ठिकाणी येतो बघा :

१) नातं : मला दोन भाऊ आहेत. – आय हॅव टू ब्रदर्स.
२) वस्तू : तिच्याकडे सोलापुरी चादर आहे. – शी हॅज अ सोलापुरी चादर.
३) अवयव : गाईला चार पाय असतात. – अ काऊ हॅज फोर लेग्ज.
४) आजार : त्याला काल ताप होता. – ही हॅड फीवर यस्टरडे.
५) खाणं-पिणं : आम्ही भाकरी आणि शेंगाचटणी खातो. – वुई हॅव भाकरी अँड शेंगाचटणी.
६) करावं लागणं : मला जावं लागतं. – आय हॅव टू गो.

ही, शी, इट आणि एकवचनी नामाला 'हॅज'. आय, वुई, यू, दे आणि अनेकवचनाला 'हॅव'. भूतकाळात सगळ्यांना 'हॅड'.

हे लक्षात ठेवा :

• 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' चूक. पण 'वुई आर हॅविंग लंच' बरोबर, कारण तिथे जेवण चालू आहे.
• 'डझन्ट'नंतर 'हॅज' नको. 'शी डझन्ट हॅव अ पेन' असंच म्हणा.
• प्रत्येक 'मला' म्हणजे 'हॅव' नाही. 'मला आंबा आवडतो' – आय लाइक मँगो.

पालकांनो, मूल इथे चुकलं तर रागावू नका. ते आपल्या घरच्या भाषेतून विचार करतंय. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून दाखवा, फरक त्यालाच दिसेल.

सराव : वहीत इंग्रजीत लिहा. १) मला एक बहीण आहे. २) त्याच्याकडे सायकल नाही. ३) आम्हाला अभ्यास करावा लागतो.