गाडी किल्लीला ओळखते कशी?

रस्त्याकडेला बसलेला किल्लीवाला कानस चालवून दहा मिनिटांत दुसरी किल्ली करून देतो, हे तुम्ही पाहिले असेल. जुन्या मोटारीलाही अशी किल्ली चालत असे. कुलपात पातळ पट्ट्या असतात आणि किल्लीच्या खाचा त्यांना ठरावीक उंचीवर आणतात. समजा, पाच पट्ट्या आहेत व प्रत्येकीला चार उंची शक्य आहेत. मग वेगवेगळ्या किल्ल्या किती होतील? ४ × ४ × ४ × ४ × ४, म्हणजे अवघ्या १०२४! शिवाय चोराला किल्लीची गरजच नसे. दोन तारा जोडल्या की इंजिन सुरू.

आता तीच किल्ली हुबेहूब कापून आणली तरी अनेक गाड्या सुरू होत नाहीत. कारण किल्लीच्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी एक चीप असते. तिला बॅटरी लागत नाही. किल्लीच्या भोकाभोवती तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युतप्रवाह वाहिला की चीपच्या चिमुकल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. चीप जागी होते आणि गाडीशी बोलू लागते. खूण पटली नाही, तर इंजिनाला इंधन मिळत नाही. युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना ही सोय सक्तीची केली.

पण ही खूण पटते कशी? चीपने दर वेळी एकच परवलीचा शब्द सांगितला, तर तो चोरून ऐकणे सोपे. म्हणून गाडी दर वेळी नवा प्रश्न विचारते. शेजारच्या मित्राबरोबर हा खेळ खेळून पाहा. दोघांत एक गुपित आकडा ठरवा, समजा ३७. तुम्ही म्हणा, “५२.” मित्राने मनात ५२ × ३७ = १९२४ करायचे आणि फक्त मधले दोन अंक सांगायचे: ९२. पुढच्या वेळी ८१ विचारा. २९९७, म्हणून उत्तर ९९. गुपित आकडा कोणी उच्चारलाच नाही!

तिसरा मित्र मात्र हुशार असेल, तर तो १० ते ९९ पर्यंतचे सगळे आकडे ५२ ने गुणून पाहील. करून बघा, मधले अंक ९२ येणारा आकडा एकच सापडतो. तेव्हा गुपित मोठे हवे. काही किल्ल्यांत ते ४० द्विमान अंकांचे होते, म्हणजे सुमारे १,०९,९५१ कोटी शक्यता. तेही पुरले नाही. २००५ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ व आरएसए लॅबोरेटरीज येथील संशोधकांनी ते उलगडून दाखवले.

खिशातच राहणाऱ्या, बिनखोचीच्या किल्लीला तर आणखी एक दुखणे आहे. एक चोर घराच्या दाराशी, दुसरा गाडीपाशी. हातातील यंत्रांनी ते गाडीचा प्रश्न घरातल्या किल्लीपर्यंत आणि तिचे उत्तर गाडीपर्यंत पोहोचवतात. गुपित कोणी फोडले नाही, काच फुटली नाही, तरी गाडी गेली! येथे गणित कितीही अवघड केले तरी उपयोग नाही, कारण उत्तर खरोखरच खऱ्या किल्लीचे असते.

मग किल्ली किती दूर आहे, हेच मोजायला हवे. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात (सेकंदाचा शंभर कोटीवा भाग) सुमारे ३० सेंटिमीटर जाते. किल्ली १५ मीटरवर असेल, तर लहरीला जाऊन येण्यास १०० नॅनोसेकंद लागतील. चोराला लहर जोरकस करता येते. प्रकाशापेक्षा वेगाने धाडता येत नाही. काही नव्या गाड्या हा वेळ मोजतात.

तुमच्या ओळखीत कोणाकडे अशी बिनखोचीची किल्ली असल्यास त्यांच्या परवानगीने एक प्रयोग करा. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ती ठेवा आणि डबा घेऊन गाडीच्या दाराशी उभे राहा. दार उघडते का? झाकण सैल करून, मग डब्याऐवजी प्लॅस्टिकची बरणी घेऊन पुन्हा पाहा. ज्या डब्यातून दार उघडत नाही, तोच रात्री किल्लीसाठी वापरायला सांगा.