जुना मोबाईल आणि इंटरनेट : एक अभ्यासपाठ



३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला भारतातील पहिला मोबाईल दूरध्वनी झाला. त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने देशातील सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या वेळी या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असे कोणास वाटले नसेल. आज शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, उत्पन्नाचा दाखला, नोकरीची जाहिरात हे सारे या दोहोंच्या संगमातूनच आपल्या दारी येते. ज्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, त्याच कोल्हापुरातील विद्यार्थी केवळ हातातील फोन जुना म्हणून मागे राहावा, ही गोष्ट आम्हांस खटकते. म्हणून हा पाठ.

एक अनुभव

आमच्या अभ्यासवर्गात शाहूवाडी तालुक्यातील एक मुलगी येत असे. घरात एकच फोन, तोही आईचा, दहा-बारा वर्षांपूर्वीचा. तिचा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज एका त्रुटीसाठी परत आला होता. फोनवर पान उघडेना, म्हणून तिला ते कळलेच नाही. कळले तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते. दुरुस्तीवाल्याकडे दोनदा पैसे घालवूनही फोन 'सुधारला' नव्हता. पुढे आम्ही तो फोन हातात घेऊन पाहिला, तेव्हा ध्यानात आले की फोन बिघडलेलाच नव्हता. ज्या जाळ्यासाठी तो बनला होता, ते जाळेच उठून गेले होते. हे आम्हांस आधी ठाऊक असते, तर त्या मुलीचे वर्षाचे पैसे वाचले असते. ही चूक आमचीही होती.

पिढ्यांचा हिशोब

मोबाईल जाळ्याच्या पिढ्या असतात. २जी पिढी मुख्यत्वे बोलण्यासाठी. तिच्यावर जीपीआरएस व एज या पद्धतींनी थोडेफार इंटरनेट चालते. ३जी आले तेव्हा वेग वाढला. पुढे ४जी आले, आणि १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जीचा प्रारंभ झाला.

मेख अशी की, जुन्या पिढ्या क्रमाने बंद झाल्या नाहीत. मधली पिढी आधी गेली. एअरटेलने २०१९ पासून ३जी टप्प्याटप्प्याने बंद करून त्या लहरी ४जीला दिल्या. साध्या फोनवर बोलणारे लाखो ग्राहक असल्यामुळे २जी मात्र ठेवले. जिओकडे तर २जी वा ३जी मुळातच नाही. त्यामुळे २०१२-१३ सालचा चांगला ३जी स्मार्टफोन आज इंटरनेटसाठी घसरून २जीवर येतो.

याचा परिणाम काय, हे साध्या गणिताने पाहू. जीपीआरएसचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला सुमारे ४० किलोबिट धरला, तर एक मेगाबाईटचे पान, म्हणजे ८,००० किलोबिट, उतरण्यास २०० सेकंद लागतात. तीन मिनिटांहून अधिक! तोवर अर्जाचे पान 'वेळ संपली' म्हणून बंद होते. विद्यार्थ्याला वाटते, आपलेच काही चुकले.

तपासणीचे टप्पे

पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात. क्रम सोडू नये.

१. फोनची पिढी ओळखणे. पडद्याच्या वरच्या कडेला इंग्रजी 'जी' किंवा 'ई' अक्षर दिसत असेल तर जाळे २जी. 'एच' किंवा '३जी' दिसल्यास ३जी. '४जी' किंवा 'एलटीई' दिसल्यास ४जी. बॅटरी निघत असेल तर तिच्याखालील चिठ्ठीवर मॉडेलचे नाव असते. त्यावरून फोन ४जी आहे की नाही हे दुकानदार सांगू शकतो. साध्या दिसणाऱ्या फोनलाही कमी लेखू नये. २०१७ साली आलेला जिओफोन बटणांचा असूनही ४जी आहे; मात्र त्यात जिओचेच सिम चालते.

२. सिम. फोन ४जी असूनही सिम जुन्या काळातील असेल तर ४जी मिळत नाही. तोच नंबर ठेवून कंपनीच्या दुकानातून नवे सिम घेता येते. ओळखपत्र सोबत न्यावे.

३. रिचार्ज. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये काढलेल्या नियमानुसार केवळ बोलणे व संदेश यांचेही स्वतंत्र पॅक मिळू लागले. वडीलधाऱ्यांच्या फोनवर असा पॅक असेल तर त्यात इंटरनेट नसणारच. आधी पॅक पाहावा, मग फोनला दोष द्यावा.

४. एपीएन. फोनने इंटरनेटच्या कोणत्या दारातून आत जावे, त्या दाराचे हे नाव. जुन्या फोनमध्ये सिम बदलल्यावर आधीच्या कंपनीचेच नाव तसेच राहते आणि इंटरनेट सुरू होत नाही. सेटिंगमध्ये मोबाईल नेटवर्क, त्यात 'ॲक्सेस पॉइंट' असा मार्ग असतो. तेथे जिओसाठी 'जिओनेट', बीएसएनएलसाठी 'बीएसएनएलनेट', एअरटेलसाठी 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम' हे नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावे. मग फोन बंद करून पुन्हा सुरू करावा. अन्य कंपनीचे नाव तिच्या ग्राहक सेवेकडून विचारून घ्यावे.

५. तारीख व वेळ. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पुष्कळदा येथेच घोडे अडते. बॅटरी पूर्ण उतरली की जुन्या फोनची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखविते व त्याला मुदत असते. फोनची तारीख चुकीची असेल तर खरे प्रमाणपत्रही त्याला खोटे वाटते आणि पान उघडत नाही. तारीख दुरुस्त केली की काम होते.

६. ब्राउझर. हलक्या फोनवर ऑपेरा मिनीसारखा ब्राउझर उपयोगी पडतो. तो पान आधी आपल्या कंपनीच्या संगणकावर उघडतो, आकसून लहान करतो आणि मग फोनकडे धाडतो. याचाच दुसरा अर्थ असा की, वाटेत ते पान तिसऱ्याच्या हातून येते. म्हणून निकाल, बातम्या, जाहिराती त्यावर खुशाल वाचाव्यात; बँक व आधार यांची कामे त्यावर करू नयेत.

जेथे उपाय चालत नाही तेथे

काही मर्यादा मान्य कराव्या लागतात. २४ ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५च्या आधीच्या फोनवर व्हॉट्सॲप चालत नाही. २७ सप्टेंबर २०२१ पासून अँड्रॉइड २.३.७ व त्याआधीच्या फोनवर गुगल खात्यात प्रवेश मिळत नाही. येथे दुरुस्तीवर पैसे घालणे व्यर्थ होय.

तरीही फोन अडगळीत टाकू नये. ३जी स्मार्टफोनचे मोबाईल जाळे गेले असले, तरी त्याचे वायफाय शाबूत असते. घरातील किंवा शेजारच्या ४जी फोनचा हॉटस्पॉट सुरू करून त्याला जोडला, की तोच 'मंद' फोन बऱ्यापैकी वेगाने वाचनाला उपयोगी पडतो. त्या मुलीच्या आईचा फोन आम्ही असाच पुन्हा कामी आणला.

आणि अगदी साधा २जी फोनही निरुपयोगी नाही. अर्ज दुसऱ्याच्या संगणकावर भरला तरी ओटीपी संदेशाने त्यावर येतो. २०१४ पासून देशभर सुरू झालेल्या 'तारा ९९ हॅश' सेवेने खात्यातील शिल्लक इंटरनेटविना कळते, आणि ८ मार्च २०२२ रोजी सुरू झालेल्या यूपीआय १२३पे सेवेने पैसेही पाठविता येतात. मात्र ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

जुना फोन विकत घेणाऱ्यांनी तर आधी खात्री करावी. फोनवर तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. इंग्रजीत 'केवायएम', मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठविल्यास त्या फोनची नोंद समजते. चोरीचा फोन स्वस्तात घेऊन पुढे पस्तावू नये.

डोंगरी तालुक्यांसाठी

गगनबावडा, राधानगरी, चंदगड या भागांत फोन चांगला असूनही रेंज मिळत नाही. डोंगर लहरींना आडवा येतो. कमी वारंवारतेच्या लहरी, उदाहरणार्थ ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झ, लांबवर जातात. २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी लवकर क्षीण होतात. त्यामुळे एकाच गावात एका कंपनीचे सिम चालते, दुसऱ्याचे नाही. सिम घेण्यापूर्वी गावातच चौकशी करावी. अर्जाची कागदपत्रे आधीच लहान आकारात तयार ठेवावीत आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

समारोप

केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. सर्वोच्च न्यायालयानेही ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हे संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काशी जोडले. हक्क कागदावर आला. तो घराघरांत पोहोचविणे आपल्या हाती आहे. प्रत्येक सभासदाने आपल्या गल्लीतील एका घरचा फोन वरील सहा टप्प्यांनी तपासून द्यावा, आणि अर्ज भरलेल्या विद्यार्थ्याला आठवड्यातून एकदा 'अर्जाची स्थिती पाहिलीस का?' एवढे विचारावे. आमच्या त्या विद्यार्थिनीने पुढच्या वर्षी अर्ज वेळेत भरला. तिला हे आधीच्या वर्षी कोणी विचारले नव्हते, एवढीच काय ती उणीव होती.

स्वाध्याय

१. ३जी फोन आज २जीसारखा मंद का चालतो, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. फोनची तारीख चुकल्यास सुरक्षित पान का उघडत नाही?
३. आपल्या घरातील प्रत्येक फोनची पिढी, सिम व पॅक यांचा तक्ता तयार करा.
४. आपल्या गावात कोणत्या कंपनीची रेंज कोठे मिळते, याची पाहणी करून अभ्यासवर्गात मांडा.