दारापाशीची परीक्षा



आजचं वाचन महाभारतातलं महाप्रस्थानिक पर्व. अठरा पर्वांपैकी हे सतरावं आणि अगदी छोटं, अध्याय फक्त 3. ऑफिसला जाता-येता भाषांतर वाचून होईल एवढंच.

गोष्ट तशी सगळ्यांना माहीत आहे. पांडव आणि द्रौपदी राज्य सोडून निघतात. हस्तिनापुरातून एक कुत्रा त्यांच्या मागे लागतो. हिमालयाच्या वाटेवर एकेक जण कोसळतो आणि शेवटी युधिष्ठिर आणि कुत्रा एवढेच उरतात. इंद्र रथ घेऊन येतो. म्हणतो, तू चल, पण ह्याला इथेच सोड, कुत्रा घेऊन येणाऱ्याला स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर नाही म्हणतो. मग कळतं की तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता.

"प्राण्यांवर दया करावी" असं तात्पर्य काढून आपण बहुतेकदा इथे पुस्तक मिटतो. पण मधे एक अवघड प्रश्न आहे आणि तो इंद्रच विचारतो. द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. त्यांना सोडून तू पुढे आलास ना? मग कुत्र्यासाठी का अडून बसलास?

युधिष्ठिराच्या उत्तराचा भाव असा: ते गेले होते. गेलेल्याशी मैत्रीही करता येत नाही आणि वैरही. त्यांना परत आणणं माझ्या हातात नव्हतं, पण जिवंत असताना मी कुणालाच सोडलं नाही. हा जिवंत आहे आणि माझ्या भरवशावर इथवर आलाय.

हे उत्तर मी आधीही वाचलं होतं. ते खरं कळलं गेल्या जूनमध्ये, शीळफाट्याला.

महापेला नोकरी लागली म्हणून मी आणि आई मिरजेहून शीळफाट्याला राहायला आलो. सोबत भुऱ्या, आमचा अकरा वर्षांचा गावठी कुत्रा. खरं तर तो बाबांचा. पावसात गटारापाशी सापडलेलं पिल्लू बाबांनीच घरी आणलं होतं. बाबा जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

सामान टेम्पोत आणि आम्ही तिघं ठरवलेल्या गाडीत, असा बेत होता. सकाळी गाडी आली. कुत्रा येणार हे आधी बोलणं झालेलं असूनही ड्रायव्हरने भुऱ्याला बघितलं आणि सरळ गाडी वळवून निघून गेला. मग टेम्पोवाले मामाच म्हणाले, "बसा ताई पुढं, होतंय सगळं." केबिनमध्ये आम्ही चौघं. खंडाळ्याच्या घाटात भुऱ्याला दोनदा उलटी झाली. कळंबोलीवरून तळोज्याकडे वळलो तर पावसाने झोडपलं आणि पुढे कंटेनरची ही मोठी रांग. दोन तास गाडी जागची हलली नाही. मागचा ट्रक हॉर्न वाजवायचा तसा भुऱ्या आईच्या पायाशी आणखी आत शिरायचा आणि थरथरायचा.

सोसायटीच्या गेटवर पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. घरमालकांची कुत्र्याला परवानगी होती, तसं करारातही लिहिलेलं होतं. पण कमिटीतले एक काका खाली आले आणि म्हणाले, "तुम्ही वर जा. कुत्र्याला आज पार्किंगमध्ये बांधा. सकाळी बघू."

खरं सांगते, मी इतकी दमले होते की क्षणभर ते बरंच वाटलं. एका रात्रीचा तर प्रश्न होता. वर घर होतं, कोरडी जागा होती.

आई मात्र वॉचमनकाकांच्या खुर्चीत जाऊन बसली आणि भुऱ्याचा पट्टा हाताला गुंडाळून घेतला. "तू जा वर," ती मला म्हणाली, "मी बसते ह्याच्यापाशी. ते गेले, त्यांना आणता येत नाही. हा आहे ना अजून."

आईने महाप्रस्थानिक पर्व वाचलेलं नाही. तिचा हरिपाठ असतो, बस्स.

ती भांडली नाही की रडली नाही, नुसती बसून राहिली. पंधरा-वीस मिनिटांनी ते काका म्हणाले, "बरं, न्या. पण लिफ्ट नाही, जिन्याने." सातवा मजला! भुऱ्याचे मागचे पाय अधू. शेवटी टेम्पोवाल्या मामांनी गोधडीची झोळी केली. एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि आम्ही त्याला वर नेलं.

आता पुन्हा त्या पर्वाकडे येऊ. मला त्यात तीन गोष्टी दिसतात.

एक, परीक्षा दारापाशी होते. हिमालयाच्या कड्यावर कुणी युधिष्ठिराला "कुत्रा सोड" म्हणत नाही. सगळं सोसून झाल्यावर, समोर रथ उभा असताना म्हणतात. कष्टात आपण एकमेकांना धरूनच असतो. "आता पोचलोच" असं वाटतं तेव्हा हात सुटतो.

दोन, जो सोबत येतो त्याला कुठे जायचंय हे कुणी विचारलेलं नसतं. भुऱ्याला मिरज सोडायची की नाही हे आम्ही विचारलं नव्हतं. तो फक्त आमच्यामागे आला. अशा भरवशाने आलेल्याला शास्त्र "शरणागत" म्हणतं. महाभारताच्या सुरुवातीलाच, आदिपर्वात, जनमेजयाच्या यज्ञात सरमेच्या पिल्लाला काही अपराध नसताना मार बसतो. सरमा विचारते, ह्याने काय केलं होतं? तिला कुणीही उत्तर देत नाही. आरंभी कुत्र्याला विनाकारण हाकलणारा यज्ञ, आणि शेवटाकडे कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारणारा राजा. मधलं सगळं महाभारत ह्या दोन टोकांच्या आत आहे.

तीन, युधिष्ठिर इंद्राशी भांडत नाही. रथात चढत नाही, एवढंच. धर्माला आरडाओरडा लागत नाही, जागा न सोडणं लागतं.

जागा न सोडण्यात माहिती असणंही आलं. कुत्रा घेऊन शहर बदलणाऱ्यांसाठी थोडं सांगते. रेल्वेत सेकंड एसी, थर्ड एसी किंवा स्लीपरमध्ये कुत्रा नेता येत नाही. फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असावी लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. लसीकरणाचं कार्ड हाताशी ठेवा. पट्ट्यावर फोन नंबर लिहा. निघायच्या तीन-चार तास आधीपासून खायला देऊ नका, पाणी मात्र थोडं थोडं द्या. नव्या घरी पहिल्यांदा त्याची जुनी गोधडी अंथरा, न धुता. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना सांगतात की सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. त्याच सूचनांमध्ये आपल्यासाठीही लिहिलंय: लस द्या, पट्टा लावा, घाण आपण उचला. आम्ही त्या सूचना जोडून कमिटीला साधं पत्र दिलं आणि पंधरा दिवसांत लिफ्ट मिळाली. ते काका आता भुऱ्याला नावाने हाक मारतात.

आजचा अभ्यास

महाप्रस्थानिक पर्वाचा तिसरा अध्याय सावकाश वाचा. मग वहीत दोन ओळी लिहा: माझ्या भरवशावर आत्ता कोण चालतंय? आणि कुठल्या दारापाशी मला "ह्याला इथेच सोड" असं सांगितलं जातंय? उत्तर कुत्रा-मांजरच असेल असं नाही. गावी एकटे राहणारे आजोबा असतील, नोकरी गेलेला मित्र असेल.

उत्तर सापडलं तर आजच एक फोन करा. नामस्मरण त्यानंतर.

पांडुरंगा, कुठेतरी पोचण्याच्या घाईत आमच्या हातातून कुणाचा पट्टा सुटू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी.