गाडीचा उंबरठा आणि रॉक स्लायडर

घराच्या दाराला उंबरठा असतो तसा मोटारीच्या दारालाही असतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, दारांच्या खालून जाणारा जो पत्र्याचा लांब पट्टा, त्याला मेकॅनिक सिल किंवा रॉकर पॅनल म्हणतात. तो आतून पोकळ असतो आणि दारांच्या मधला खांब त्याच्यावरच उभा असतो. त्यामुळे खडकावर आपटून हा पट्टा वर दाबला गेला, तर नुकसान फक्त रंगाचे होत नाही, दारच अडकून बसते. माझ्या काकांच्या ओळखीच्या एका गृहस्थांची गाडी हिमाचलात ओढा ओलांडताना धोंड्यावर बसली आणि डाव्या बाजूचे मागचे दार उघडेना. आत त्यांची आई होती. तिला दुसऱ्या दाराने बाहेर काढले. कुणाला लागले नाही, पण ओढ्याचे पाणी वाढत असते तर काय झाले असते, हा प्रश्न उरतोच.

माझे काका फरिदाबादला राहतात. त्यांना आजीला घेऊन स्पितीला जायचे आहे. म्हणून या सुट्टीत त्यांनी आपल्या जिम्नीला रॉक स्लायडर बसवायचे ठरवले, आणि निवडण्यापासून बोल्ट आवळण्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर होतो. त्यातून जे शिकलो ते इथे मांडतो.

स्लायडर आणि पायरी यांतला फरक

दिल्लीत करोलबागला गाडीच्या साजाची दुकाने ओळीने आहेत. तिथे चकचकीत साइड स्टेप भरपूर मिळतात. दिसायला त्या स्लायडरसारख्याच असतात, पण काम वेगळे. साइड स्टेप माणसाचा पाय पेलण्यासाठी असते, म्हणजे फार तर शंभर किलो. स्लायडर पूर्ण गाडी पेलण्यासाठी असतो. खडकावर गाडी टेकली की तिने त्या नळीवरून घसरत पुढे जावे, म्हणून त्याचे नाव स्लायडर. तो बॉडीच्या पत्र्याला जोडत नाहीत, खालच्या चॅसिसला जोडतात. साइड स्टेपखाली जॅक लावून गाडी उचलायला गेलात, तर स्टेप वाकते आणि जॅक निसटतो.

त्यामुळे पहिला प्रश्न असा, की आपल्या गाडीला स्वतंत्र चॅसिस आहे का? जिप्सी, जिम्नी, थार यांना शिडीसारखी चॅसिस आहे. तिला लॅडर फ्रेम म्हणतात. शहरातल्या बहुतेक एसयूव्हींमध्ये बॉडी आणि चॅसिस एकच असते. तिथे इतका भार घेईल अशी जागा सहसा नसते, म्हणून खरा स्लायडर शोधण्यात अर्थ नाही.

कोनाचे गणित

सैन्यातल्या वडिलांच्या मुलांना मारुती जिप्सीची ओळख करून द्यायला नको. १९८५ साली आलेली ही गाडी गुडगावच्या कारखान्यात तयार होत असे. त्याच गुरुग्राममध्ये आता जिम्नी तयार होते. २०२३ पासून भारतात विकली जाणारी जिम्नी पाच दारांची आहे. तिच्या दोन आसांमधले अंतर २५९० मिलिमीटर आहे. तीन दारांच्या जिम्नीत ते २२५० मिलिमीटर असते. हे अंतर ३४० मिलिमीटरने वाढले, तेव्हा मागे बसायची सोय झाली, पण पोट जमिनीला टेकण्याची शक्यताही वाढली.

उंचवट्यावर चढताना पुढची चाके पलीकडे आणि मागची अलीकडे असताना पोट टेकते. ज्या कोनापर्यंत ते टेकत नाही त्याला ब्रेकओव्हर कोन म्हणतात. त्रिकोणमिती शिकलेल्यांना हे सोपे जाईल. पोटाची उंची भागिले आसांमधले निम्मे अंतर, हे निम्म्या कोनाचे टॅन असते.

जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे. २१० भागिले १२९५ केले तर कोन सुमारे १८ अंश येतो. पण कंपनी २४ अंश सांगते. मला आधी वाटले की कुठेतरी आकडा चुकला असेल. खरे कारण असे, की ग्राउंड क्लिअरन्स गाडीच्या सर्वांत खालच्या भागापाशी मोजतात. आमच्या गाडीखाली वाकून पाहिले तर तो भाग म्हणजे आसावरचा डिफरेन्शियलचा गोळा, आणि तो चाकांच्या रेषेत असतो. मधले पोट त्याहून उंच आहे. २४ अंशांवरून उलटे गणित केले तर पोटाची उंची सुमारे २७५ मिलिमीटर येते. आता स्लायडर पोटाच्या खाली ३० मिलिमीटर लोंबला तर उंची २४५ उरते आणि कोन २१ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे संरक्षणासाठी बसवलेली वस्तूच आधी टेकणार. म्हणून स्लायडर चॅसिसच्या खाली येता कामा नये.

नळी किती जाड हवी?

हा भाग मी शाळेत परत आल्यावर भौतिकशास्त्राच्या सरांकडून समजून घेतला. जिम्नीचे पूर्ण भरलेल्या अवस्थेतले कमाल वजन १५४५ किलो आहे, म्हणजे सुमारे १५,००० न्यूटन. एका बाजूच्या स्लायडरवर निम्मा भार आला तर ७,५०० न्यूटन. पण गाडी खडकावर हळूच ठेवली जात नाही, ती एकदम टेकते. एकदम आलेला भार संथ भाराच्या दुप्पट ताण देतो. म्हणून हिशोबात पुन्हा १५,००० न्यूटनच धरायचे.

समजा, स्लायडरची नळी चॅसिसपासून २० सेंटीमीटर बाहेर आहे. तर वाकवणारे बलाघूर्ण १५,००० गुणिले ०.२, म्हणजे ३,००० न्यूटन-मीटर झाले. ते स्लायडरच्या पायांमध्ये, म्हणजे चॅसिसला जोडणाऱ्या आडव्या नळ्यांमध्ये वाटले जाते. बाहेरचा व्यास ४४.५ मिलिमीटर आणि जाडी ३ मिलिमीटर असलेली नळी घेतली तर उत्तर असे येते:

तीन पाय असतील तर प्रत्येकात ताण सुमारे २६३ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर.
चार पाय असतील तर सुमारे १९७.
चार पाय, पण नळी फक्त १.६ मिलिमीटर जाड असेल तर सुमारे ३३६.

साधे बांधकामाचे पोलाद सुमारे २५० ला कायमचे वाकू लागते. म्हणजे वरच्या तिन्हींपैकी फक्त मधला स्लायडर टिकतो. बाहेरून तिन्ही सारखेच काळे आणि सारखेच दणकट दिसतात! हे गणित सोपे करून मांडले आहे. प्रत्यक्षात खडक एकाच पायाजवळ लागला तर त्या पायावर जास्त भार येतो. म्हणून थोडी अधिक जाडी घेणे शहाणपणाचे.

नळीची जाडी दुकानदाराच्या तोंडी न घेता व्हर्नियर कॅलिपरने टोकाशी मोजावी. एका दुकानात काकांनी खिशातून कॅलिपर काढला तेव्हा ३ मिलिमीटर सांगितलेली नळी २ मिलिमीटर निघाली. काकांनी काही वाद घातला नाही. कॅलिपर पुसून खिशात ठेवला आणि आम्ही पुढच्या दुकानात गेलो. शेवटी फरिदाबादमधल्याच एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये आम्ही स्लायडर करून घेतले.

आकारही पाहावा. बाहेरची नळी किंचित वर उचललेली असली तर सिलचे रक्षण नीट होते. मागचे टोक थोडे बाहेर वळलेले असावे. वळताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या आतून जाते, त्यामुळे झाड किंवा खडक गाडीच्या मागच्या भागाला घासतो. बाहेर वळलेले टोक गाडीला त्यापासून दूर ढकलते. मात्र ते टोक धारदार नसावे आणि टायरच्या रेषेच्या फार बाहेर नसावे, कारण शहरात शेजारून दुचाकी जातात. नळ्यांची टोके बंद असावीत, आणि आत शिरलेले पाणी निघून जायला खाली लहान भोक असावे. नाहीतर स्लायडर आतून गंजतो.

वजनाचा हिशोब

हा भाग पालकांनी जरूर वाचावा. या नळीचे वजन मीटरला सुमारे ३ किलो भरते. पट्ट्या आणि बोल्ट धरून दोन्ही स्लायडर आमच्याकडे ३३ किलोचे झाले. जिम्नीचे स्वतःचे वजन सुमारे १२०० किलो आहे, म्हणजे माणसे आणि सामान मिळून ३४५ किलो नेता येते. सत्तर किलोची चार माणसे बसली की ६५ किलो उरतात. त्यातून स्लायडर वजा केले की सामानाला उरतात फक्त ३२ किलो. काकांनी छतावरचा कॅरिअर घ्यायचा बेत तिथेच सोडून दिला. काकूंना सांगितले, ‘‘स्पितीला प्रत्येकी एकच बॅग.’’ काकू म्हणाल्या, ‘‘मग कॅमेऱ्याची बॅग तुमची एक धरायची.’’

बोल्ट की वेल्डिंग?

स्लायडर चॅसिसला वेल्ड करता येतो किंवा बोल्टने जोडता येतो. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेच्या पोलादाचा गुण बदलतो, गंजरोधक थर जळतो आणि शेजारून जाणाऱ्या इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्यांना धोका असतो. आम्ही बोल्टचा पर्याय घेतला. चॅसिसला नवी भोके पाडली नाहीत. आधीची भोके आणि दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या जाड पट्ट्या वापरल्या.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे तो ८०० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताणाला तुटतो. दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांना, म्हणजे ६४० ला तो कायमचा ताणला जातो. डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट इथे वापरू नये.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पुढच्या बंपरवरच्या क्रॅश गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. स्लायडर आणि क्रॅश गार्ड एक नव्हेत, तरी काकांनी काम सुरू करण्याआधीच परिवहन कार्यालयात विचारणा केली आणि विमा कंपनीला लेखी कळवले.

बसवण्याची पद्धत

१. गाडी सपाट फरशीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडण लावा. हातमोजे आणि चष्मा घाला.
२. चॅसिस घासून स्वच्छ करा. नळ्या आणि वायरी कुठून जातात ते आधी पाहून घ्या.
३. स्लायडर लाकडी ठोकळ्यावर टेकवून जागेवर धरा. सगळे बोल्ट आधी फक्त हाताने फिरवा.
४. सिल आणि स्लायडर यांत सगळीकडे सारखे अंतर ठेवा. आम्ही २६ मिलिमीटर ठेवले. लॅडर फ्रेमवरची बॉडी रबरी गादीवर बसलेली असते आणि खडबडीत वाटेवर हलते. अंतर नसेल तर स्लायडरच सिलवर आपटेल.
५. चारही दारे पूर्ण उघडतात का ते पाहा.
६. मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क रेंचने आवळा.
७. नट आणि पट्टीवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. १०० आणि ५०० किलोमीटरनंतर ती तपासा.

शेवटी परीक्षा. काकांनी एकेका पायाखाली जॅक लावून गाडी उचलली आणि मी पट्टीने अंतर मोजले. भाराखाली ते २३ मिलिमीटर झाले आणि जॅक उतरवल्यावर पुन्हा २६. त्यातला काही भाग रबरी गादीचा, काही पोलादाच्या लवचिकतेचा. ते २४ वरच राहिले असते, तर काहीतरी वाकले किंवा सरकले असा त्याचा अर्थ होता. जॅकवरच्या गाडीखाली मात्र कुणीही जायचे नाही. खाली जायचे असेल तर घोडी लावूनच.

वापरताना

फरिदाबाद आणि दिल्लीच्या अरवलीतला खडक मुख्यतः क्वार्ट्झाइट आहे. त्यातले क्वार्ट्झ मोह्जच्या मापावर ७ कठीण असते, म्हणजे साध्या पोलादाहून कठीण. त्यामुळे स्लायडरवर ओरखडे येणारच. परतल्यावर ते घासून, प्राइमर आणि रंग लावावा. पण स्लायडर आहे म्हणून अरवलीच्या जंगलात गाडी घालायची नाही. त्याचा बराच भाग संरक्षित आहे. फरिदाबादजवळची मंगर बनी ही तर आपल्याकडच्या देवराईसारखी राखलेली वनराई आहे. सराव परवानगी असलेल्या खासगी मैदानावरच करावा.

आपल्याला शिबिरात कूच करण्याआधी टेहळणी शिकवतात, ती इथेही लागू आहे. काका अवघड जागी गाडी थांबवतात, उतरतात, वाट पायी चालून येतात आणि मग ठरवतात. बहुतेक वेळा दोन हात बाजूने दुसरी वाट सापडते आणि स्लायडरची गरजच पडत नाही. तुमच्या घरी कुणी स्लायडर घेणार असेल, तर चार गोष्टी विचारा: चॅसिसला जोडणार का, पाय किती, नळी किती जाड, आणि वजन किती? यांची उत्तरे दुकानदाराकडे नसतील, तर तुम्हाला पायरी विकली जात आहे असे समजा.