मायनरच्या रकान्यात काय भरायचं?

चि. भाचीस,


तुझा मेसेज मिळाला. मेजर अर्थशास्त्र, इथपर्यंत ठरलंय. मायनरच्या, म्हणजे दुय्यम विषयाच्या, रकान्यात काय भरायचं यावर मात्र चार मतं आहेत. बाबांना कॉम्प्युटर हवाय, मैत्रिणीनं मानसशास्त्र घेतलंय, कॉलेजातले सर संख्याशास्त्र म्हणतात आणि तुझा जीव भूगोलात आहे. फोनवर उरकण्यासारखं हे बोलणं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आपल्याकडे ही सगळी व्यवस्था नवी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या जुलैत मंजूर झालं, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसीनं) पदवीचा नवा क्रेडिट आराखडा काढला आणि एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी तो राबवायला घेतला. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. त्यातली १८ ते २० क्रेडिट आपल्या राज्यात मायनरच्या वाट्याला येतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास. म्हणजे मायनर हा जवळजवळ ३०० तासांचा मामला झाला. पूर्वी बी.ए.ला 'स्पेशल' आणि 'जनरल' असे विषय असत, आणि जनरलचे विषय बहुतेक मुलं टाइमटेबलात बसतील तसे घेत. ती सवय अजून गेलेली नाही. अनेक ठिकाणी मायनरसुद्धा तसाच उचलला जातो: कुठल्या विषयाचे सर मार्क सढळ हातानं देतात, कुठलं लेक्चर सकाळी लवकर संपतं, गटातल्या इतरांनी काय घेतलंय. तीनशे तासांसाठी ही कारणं फार तोकडी आहेत.

विषय निवडायचा तो मेजरमधल्या एखाद्या प्रश्नावरून. मेजरला प्रश्न पडतो, पण तो सोडवायची हत्यारं त्याच्याकडे पुरेशी नसतात. ती ज्या विषयाकडे असतील, तो मायनर. नुसती माहिती वाढवणारा विषय पुस्तकं वाचूनही शिकता येतो. काम करायची वेगळी पद्धत मात्र वर्गात, कोणीतरी चुका दाखवून देत असताना, वर्षानुवर्षं घटवावी लागते.

कधी हे उलट्या बाजूनंही घडतं. डॉ. आंबेडकरांचं उदाहरण बघ. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र. तिथल्या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम केले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे फक्त ४. पण ९ मे १९१६ रोजी, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी जातिसंस्थेच्या उगमावरचा आपला निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात. तो निबंध बारकाईनं वाचला की त्यात अर्थशास्त्राचा विद्यार्थी लगेच ओळखू येतो. जातीबाहेर लग्न बंद झालं की त्या गटात लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा आधी वारला तर एक स्त्री 'जास्तीची' होते, बायको आधी वारली तर एक पुरुष. हा हिशेब जुळवण्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या रूढी आल्या, असा त्यांचा युक्तिवाद आहे. प्रश्न मानववंशशास्त्राचा, त्याची मांडणी मात्र ताळेबंदासारखी. चार अभ्यासक्रमांनी त्यांना प्रश्न दिला आणि एकोणतीस अभ्यासक्रमांनी तो सोडवायची शिस्त दिली. त्यांच्यासारखी बुद्धी लाखात एखाद्याची. पण दोन विषय एकमेकांच्या कामी कसे येतात, हे यातून कुणालाही समजतं.

दुसरं उदाहरण गोव्याच्या मातीतलं. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली कोसबे इथे जन्मले, हार्वर्डला शिकले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. संख्याशास्त्र नुसतं वाचून येणार नाही, त्यासाठी खरा प्रश्न हवा, म्हणून त्यांनी आधी परीक्षेतले गुण तपासले आणि मग हात घातला तो जुन्या आहत नाण्यांना. तक्षशिलेला सापडलेली ही चांदीची नाणी. त्यांच्यावर राजाचं नाव नाही की साल नाही, नुसते ठसे. कोसंबींनी ती तराजूत घातली. टाकसाळीतून नाणी ठरावीक वजनाची निघतात, मग हातोहात फिरताना झिजतात. जितकं जास्त फिरणं, तितकं सरासरी वजन कमी. आणि एकाच घडणीच्या नाण्यांत आपसातली तफावतही तितकीच वाढत जाते. स्वतःच्या काळातली, चलनातली साधी नाणी तोलून त्यांनी हे आधी पडताळून पाहिलं आणि मग जुन्या नाण्यांचे गट कोणता आधीचा, कोणता नंतरचा, असे लावले. इतिहासाची पदवी नसलेल्या गणिताच्या प्राध्यापकानं इतिहासाला नवं साधन दिलं. पुढे याच माणसानं शेकडो हस्तलिखितं ताडून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली, १९४८ मध्ये. पाली भाषेचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. संस्कृतचा ओढा घरातूनच आलेला असणार.

तुझ्या मैत्रिणीच्या मानसशास्त्रालाही मी नाव ठेवणार नाही. डॅनियल काहनेमन यांनी १९५४ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातून पदवी घेतली: मेजर मानसशास्त्र, मायनर गणित. माणसं जोखीम असताना निर्णय कसे घेतात यावरचा त्यांचा आणि एमॉस ट्वर्स्की यांचा १९७९ चा निबंध अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला, आणि २००२ मध्ये काहनेमन यांना मिळालेलं नोबेलही अर्थशास्त्राचंच. तेव्हा मानसशास्त्र घ्यायचंच असेल तर 'लोकांना समजून घ्यायला आवडतं' एवढ्यावर घेऊ नये. त्यात प्रयोगाची आखणी आणि मोजमापाचे पेपर आहेत का, ते आधी बघावं.

आता तुझ्या अंगणातला विषय घेऊ. लासलगावच्या बाजार समितीचा कांद्याचा रोजचा तक्ता तू लहानपणापासून पाहतेस: आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. नुसत्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीला त्यात मागणी आणि पुरवठा दिसेल. संख्याशास्त्र शिकलेली विचारेल की 'सर्वसाधारण दर' कसा काढतात. एखाद्या दिवशी कमीत कमी आणि जास्तीत जास्त दरात एवढी दरी का पडते. आवक दुप्पट झाली तर दर किती पडतो, आणि ते दरवर्षी सारखंच घडतं का. भूगोल शिकलेली वेगळ्या टोकानं सुरुवात करेल. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही, काढला की विकावा लागतो. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहू शकतो. मग कुठल्या गावात चाळी आहेत, कुठे नाहीत, पाणी कुठवर पुरतं, आणि कोणता शेतकरी थांबू शकतो, कोणाला थांबताच येत नाही? राज्यशास्त्राची विद्यार्थिनी तारखा मांडेल: ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये ती उठली. या निर्णयांच्या वेळी कोणाची बाजू कोणी मांडली, हा तिचा प्रश्न. तक्ता एकच. तो वाचताना यातला कुठला प्रश्न तुझ्या मनात आपोआप येतो, ते बघ.

माझा कौल विचारशील तर तो संख्याशास्त्राकडे आहे, आणि भूगोल त्याच्या खालोखाल. एम.ए.ला अर्थमिती समोर येते तेव्हा संख्याशास्त्राचा पाया नसलेली मुलं कशी चाचपडतात, हे मी वर्गात पाहत आलोय. पण अनेक ठिकाणी संख्याशास्त्राला बारावीचं गणित लागतं, आणि तू ते अकरावीतच सोडलंस. कॉलेजचा नियम काय आहे तो ऑफिसात जाऊन वाच. कुणाच्या सांगण्यावर राहू नकोस. नियम आड आला तर भूगोल आनंदानं घे. त्यातही नकाशे, जीआयएस आणि क्षेत्रभेटीचे पेपर असतील तर तो संख्याशास्त्राच्या तोडीचा मायनर आहे. अभ्यासक्रमात नुसतीच वर्णनं असतील तर नाही.

बाबांना समजावून सांग की कॉम्प्युटर तू सोडत नाहीयेस. स्प्रेडशीट, पायथन, टॅली यांच्यासाठी कौशल्याधारित पेपरांची वेगळी क्रेडिट आहेत, ती तिथे वापरायची. ओपन इलेक्टिव्ह तर आपल्याकडे मेजरच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. आवड म्हणून संगीत किंवा खगोलशास्त्र करायचं असेल तर ती जागा त्याची. काही महिन्यांच्या कोर्सात हाताला बसेल अशा गोष्टीवर मायनर खर्च करू नये.

एक गोष्ट फार थोड्या पालकांना माहीत असते. यूजीसीच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार पुढे मास्टर्स करताना मेजर किंवा मायनर, दोन्हींपैकी कुठल्याही विषयात जाता येतं; प्रवेश पदवीतल्या कामगिरीवर किंवा प्रवेश परीक्षेवरून देता येतो. म्हणजे आज जो विषय दुय्यम वाटतोय त्यात वीस वर्षांनी तुझं सगळं काम चाललेलं असू शकेल.

तालुक्याच्या कॉलेजात बास्केटमध्ये दोन-तीनच मायनर असतात, हेही मला ठाऊक आहे. शिक्षक निवृत्त झाले की विषयच बंद पडतो आणि शेवटच्या वर्षी मुलांना भलताच पेपर गळ्यात घ्यावा लागतो. म्हणून विभागात जाऊन सरळ विचार: गेल्या वर्षी या मायनरला किती मुलं होती, शिकवणारे पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, तिसऱ्या वर्षापर्यंतचे सगळे पेपर इथेच होतात का? एखादा पेपर इथे नसेल तर 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन मंचावर तो आहे का, आणि त्याची क्रेडिट कॉलेज धरतं का, हेही विचारून घे. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करायला यूजीसीची मुभा आहे. पण तुझ्या विद्यापीठानं ती मानली पाहिजे. असे प्रश्न विचारले म्हणून कुणी रागावणार नाही. रागावलंच तर मला सांग, मी येऊन भेटतो.

फॉर्मची मुदत संपायच्या आत संख्याशास्त्र आणि भूगोल या दोन्हींच्या पाचव्या आणि सहाव्या सत्राच्या अभ्यासक्रमांची पीडीएफ मला पाठव. पहिल्या सत्राची नको, ती सगळ्याच विषयांची सोपी आणि गोड असतात. रविवारी संध्याकाळी मी मोकळा आहे, तेव्हा दोन्ही समोर ठेवून बोलू. बाबांनाही बसव.

तुझा,
मामा