हौशी रेडिओ केंद्राचे भूसंपर्कन

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला आणि दूरध्वनी यंत्रणा कोलमडली. त्या वेळी हौशी रेडिओचालकांच्या संचांवरून मदतीचे निरोप जाऊ लागले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमान-निकोबार बेटांतही त्यांनी हीच सेवा बजावली. परीक्षा उत्तीर्ण होऊन केंद्र शासनाचा परवाना मिळविणाऱ्या नागरिकास असे केंद्र चालविता येते. संच आणि अँटेना यांच्या निवडीत नवा चालक पुष्कळ काळजी घेतो. परंतु केंद्राची कार्यक्षमता आणि चालकाचे प्राण ज्यावर अवलंबून असतात, त्या भूसंपर्कनाकडे मात्र त्याचे अनेकदा दुर्लक्ष होते.

तीन वेगळी कामे

भूसंपर्कन, म्हणजेच व्यवहारातील अर्थिंग, तीन कामे करते. संचाच्या धातूच्या पेटीत वीज उतरल्यास ती सुरक्षितपणे वाहून नेणे, हे पहिले. आकाशातील विजेला घराबाहेरूनच जमिनीत वाट करून देणे, हे दुसरे. रेडिओलहरींच्या प्रवाहास परतीचा मार्ग देणे, हे तिसरे. एका कामासाठी केलेली व्यवस्था दुसऱ्यास पुरेशी ठरेलच असे नाही.

उदाहरणार्थ, १४ मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी सुमारे २१ मीटर असते. वरच्या मजल्यावरील संचापासून जमिनीपर्यंत सुमारे ५ मीटरची तार सोडली, तर ती पाव तरंगलांबीची होते. अशी तार विद्युतसुरक्षेसाठी उपयोगी असली, तरी त्या लहरींपुरता संच जमिनीपासून जणू तुटलेलाच राहतो. मग ध्वनिग्राहकाला ओठ लागताच चटका बसतो.

भू-प्रतलाचे तत्त्व

मार्कोनी यांनी १८९५ मध्ये प्रक्षेपकाचे एक टोक उंच नेऊन दुसरे जमिनीला जोडले, तेव्हा संदेशाचा पल्ला वाढला. पाव तरंगलांबीच्या उभ्या अँटेनाचा उरलेला अर्धा भाग जमीन पुरविते. मात्र जमीन सर्वत्र सारखी नसते. ओलसर काळी माती प्रवाह चांगला वाहून नेते. दख्खनच्या पठारावरील कोरडा मुरूम आणि काळा पाषाण यांत बरीच शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून अँटेनाच्या बुडाशी चाकाच्या आऱ्यांप्रमाणे तारा पसरतात. ब्राऊन, लुईस आणि एपस्टाइन यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानंतर प्रक्षेपण केंद्रांसाठी १२० तारांचा प्रघात पडला. हौशी केंद्राचे काम १६ ते ३२ तारांवरही समाधानकारक चालते.

अँटेना गच्चीवर असल्यास जमिनीचे हे काम चार कांबी करतात. १४५ मेगाहर्ट्‌झसाठी उभी कांब सुमारे ४९ सेंटिमीटर आणि आडव्या कांबी त्याहून किंचित लांब ठेवाव्यात. कांबी आडव्या असताना अँटेनाचा संरोध सुमारे ३६ ओहम असतो. त्या खाली ४५ अंशांत वाकविल्यास तो ५० ओहमच्या जवळ येऊन केबलशी जुळतो.

विजेपासून संरक्षण

गच्चीवरील या कांबी विजेपासून संरक्षण देत नाहीत, हे विसरू नये. अँटेनाचा खांब जाड पट्टीने, शक्य तितक्या सरळ आणि जवळच्या मार्गाने, जमिनीत अडीच ते तीन मीटर ठोकलेल्या कांबीस जोडावा. केबल घरात शिरते तेथे तिचे बाह्य आवरण भूसंपर्कित करून विद्युत्-रोधक बसवावा. ही कांब आणि घराच्या विद्युतजोडणीचे अर्थिंग एकमेकांस जोडणे अत्यावश्यक आहे. ती अलग राहिल्यास वीज पडताच दोहोंमध्ये हजारो व्होल्टचा फरक निर्माण होतो आणि प्रवाह संचातून, प्रसंगी चालकाच्या देहातून, वाट काढतो. गॅसच्या नळाचा उपयोग यासाठी कदापि करू नये.

उन्हाळ्यात जमीन सुकली की तिचा रोध वाढतो आणि नेमक्या त्याच सुमारास वळवाचे ढग गडगडू लागतात. म्हणून दर वर्षी एप्रिलपूर्वी सांधे घासून घट्ट करावेत, गंजलेली पट्टी बदलावी आणि रोध मोजून घ्यावा. आभाळ भरून येण्यापूर्वीच केबल संचापासून काढून घराबाहेर ठेवावी. संकटकाळी इतरांच्या मदतीस धावणारे केंद्र आधी स्वतः सुरक्षित असले पाहिजे.