मोठी मोटार घेण्याआधी

कोल्हापूर

चि. मुक्ता,

तू पाठवलेला तुझ्या सीएनसी मशीनचा व्हिडिओ आवाज मोठा करून पुन्हा पुन्हा ऐकला. मिनिटाला २००० मिलिमीटरच्या फीडला मशीन सुरळीत पळतं. ३००० दिलं की गॅन्ट्री सेंटीमीटरभर सरकते, मोटार किंचाळते आणि जागेवर थरथरत राहते. यावरून तू ठरवलंस की मोटार कमी पडते आणि नेमा ३४ घ्यायला हवी. बाळ, ती घेऊ नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत थांब.

तुझी नेमा २३ स्टेपर मोटार ताकदीला कमी नाही. १.९ न्यूटन मीटरची मोटार आणि ५ मिलिमीटर लीडचा बॉलस्क्रू असला, की सावकाश चालताना गॅन्ट्रीला जवळपास २०० किलोचा रेटा मिळतो. तू एमडीएफमध्ये कापतेस त्या जाळीला एवढा लागत नाही. पण वेग वाढत जातो तसा हा रेटा उतरत जातो. तो का उतरतो, हे एकदा मुळातून समजून घे. मग कुणा दुकानदाराला सल्ला विचारायची वेळ येणार नाही.

मोटारीच्या वाइंडिंगमध्ये करंट एकदम चढत नाही, इंडक्टन्स त्याला अडवतो. तुझ्या मोटारीचा इंडक्टन्स ४ मिलिहेन्री, करंट ३ अँपिअर आणि सप्लाय २४ व्होल्ट. चोवीसला चाराने भाग: करंट एका मिलिसेकंदात ६ अँपिअर या गतीने चढतो, म्हणजे ३ अँपिअरला पोचायला अर्धा मिलिसेकंद. आता ३००० च्या फीडला काय होतं बघ. ५ मिलिमीटर लीडला ते ६०० आरपीएम, म्हणजे सेकंदाला १० फेरे. एका फेऱ्यात २०० पूर्ण स्टेप धरल्या तर सेकंदाला २००० स्टेप. एका स्टेपच्या वाट्याला अर्धाच मिलिसेकंद आला! करंट जेमतेम चढतो तोवर पुढची स्टेप दारात उभी. त्यात फिरणारी मोटार स्वतःच जनरेटरसारखी उलटा व्होल्टेज तयार करते, त्यामुळे प्रत्यक्षात करंट तेवढाही चढत नाही. नेमा ३४ मध्ये रोटर जड आणि इंडक्टन्सही बहुधा जास्तच. त्याच २४ व्होल्टवर ती याहून आधी दम टाकेल.

तेव्हा वेग हवा असेल तर व्होल्टेज वाढव. मोटारीच्या पाटीवर ३ व्होल्ट लिहिलंय म्हणून तू घाबरतेस, पण तो आकडा वाइंडिंगचा रेझिस्टन्स गुणिले करंट एवढाच आहे. तुझा ड्रायव्हर करंट मोजून कापत असतो, ठरवलेल्या ३ अँपिअरच्या वर तो जाऊ देत नाही. जास्त व्होल्टेजचा उपयोग करंट लवकर चढण्यापुरता. ३६ व्होल्ट दिलेस तर अर्ध्याऐवजी एक तृतीयांश मिलिसेकंद लागेल.

सप्लाय किती असावा, याला गेकोड्राइव्हच्या लोकांनी रूढ केलेला एक चांगला ठोकताळा आहे: मिलिहेन्रीतल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ काढायचं आणि ३२ ने गुणायचं. तुझ्या मोटारीला ६४ व्होल्ट येतात. हा वरचा काठ समज. त्यापुढे मोटार तापते, हाती फारसं काही लागत नाही. पण तुझा टीबी ६६०० वाला ड्रायव्हर ४२ व्होल्टपर्यंतचाच, म्हणून ३६ वर थांब. एसएमपीएसचा स्क्रू फिरवून ४१-४२ करायचा मोह आवर. गॅन्ट्री ब्रेक घेते तेव्हा मोटार ऊर्जा सप्लायकडे परत ढकलते आणि लाइनचं व्होल्टेज क्षणभर वर जातं. मधली ती मोकळी जागा त्यासाठी ठेवायची असते.

नवा सप्लाय आणण्याआधी मात्र बिनपैशाची एक गोष्ट कर. तू मायक्रोस्टेप १६ वर ठेवलं आहेस. म्हणजे फेऱ्याला ३२०० पल्स, मिलिमीटरला ६४०. ३००० च्या फीडला सेकंदाला ३२,००० पल्स लागतात, आणि अर्डुइनो युनोवरचं जीआरबीएल साधारण ३०,००० पर्यंतच पल्स देतं. म्हणजे तू मागतेस ते कंट्रोलरच्याही आवाक्याबाहेरचं आहे. ड्रायव्हरचे स्विच ८ वर आण आणि सेटिंग १००, १०१, १०२ मध्ये ६४० चे ३२० कर. हे दुसरं विसरलीस तर प्रत्येक माप दुप्पट येईल. मिलिमीटरला ३२० पल्स म्हणजे एका पल्सला ०.००३ मिलिमीटर. लाकूडकामाला याहून बारीक कशाला हवं? स्विच हलवताना सप्लाय बंद ठेव.

मग स्क्रूच कुठे अडत नाही ना, तेही पाहा. कपलिंग सोडून तो हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघ. कुठे जड लागला तर नटचे बोल्ट सैल करून पुन्हा बसव. हे तुला येतं, जास्त सांगत नाही.

आता अॅक्सिलरेशन. तू ते १०० (मिलिमीटर प्रति सेकंद वर्ग) ठेवलं आहेस. ३००० चा फीड म्हणजे सेकंदाला ५० मिलिमीटर; तिथे पोचायला १०० च्या अॅक्सिलरेशनला साडेबारा मिलिमीटर जागा लागते. तुझी मोटार सेंटीमीटरभर सरकून अडकते, म्हणजे निघताना तिला काही त्रास नाही, वरच्या वेगाला पोचता पोचता ती सुटते. हे निदान तुझ्याच व्हिडिओत होतं. निघतानाच अडकली असती तर दोष अॅक्सिलरेशनचा.

पण तुझ्या जाळीच्या कामाचा विचार कर. त्यातल्या रेषा १०-१० मिलिमीटरच्या, प्रत्येक कोपऱ्यावर थांबणं आलं. अर्ध्या रेषेत वेग घ्यायचा, अर्ध्या रेषेत सोडायचा. १०० च्या अॅक्सिलरेशनला तिथे १९०० च्या वर फीड कधी जाणारच नाही, मग कागदावर ३००० लिही की ६०००. अॅक्सिलरेशन ४०० केलंस तर तीन-सव्वातीन मिलिमीटरमध्ये ३००० गाठेल. घरी बनवलेल्या मशीनवर सगळे वरच्या वेगाच्या मागे लागतात. जॉबचा वेळ बहुतेकदा इथे वाचतो. ५०-५० ने वाढवत जा. गॅन्ट्री हलायला लागली, कोपऱ्यात कापाच्या कडेवर लाटा दिसल्या, की मागे ये.

प्रत्येक बदलानंतर डायल लावून तपास. गॅन्ट्री एका जागी आणून डायल शून्य कर, ३०० मिलिमीटर पुढे-मागे वीसेक वेळा पळव, परत त्याच जागी आण. काटा शून्यावर आला नाही तर स्टेप मिस झाल्या. या मशीनला एन्कोडर नाही, चुकलेली स्टेप ते स्वतःहून कधीच सांगणार नाही. जिथे काटा चुकला त्या वेगाच्या पाऊण वेगावर मशीन ठेव. कापताना कटरचा भार येतो तो वेगळाच.

३६ व्होल्टचा एसएमपीएस घ्यायचा तर १० अँपिअरचा घे, तीन मोटारींना पुरेल. पुण्याला येशील तेव्हा बुधवार पेठेत बघ. बदलताना एक सांभाळ: सप्लाय चालू असताना मोटारीची वायर काढायची नाही, ड्रायव्हर जागीच जळतो. माझ्याकडे एक डायल आणि मॅग्नेटिक स्टँड जादा आहे, ते ताईबरोबर पाठवतो. मायक्रोस्टेप ८ वर आणल्यावर त्याच २४ व्होल्टवर किती फीडला मोटार सुटते, तो आकडा मला आधी कळव.

तुझा,
मामा